बाळकोबाने न ओळखलेला आंबा

खाडीकाठच्या एका गावात बाळकोबा नावाचा एक कलमं बांधणारा राहत असे. साऱ्या गावाच्या परसातली झाडं त्याच्या ओळखीची. आंब्याचं पान चोळून नाकाशी धरलं, की हा पायरी, हा हापूस, हे तो सांगून मोकळा. फणस बरका की कापा, तेही झाडाकडे बघूनच सांगे. "ठाऊक नाही" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

गिरजाकाकीच्या परसात सात वर्षांचा एक आंबा होता. तिच्या लेकीनं सासरी जाण्याआधी त्याची कोय रुजत घातली होती. झाड वाढलं, पण फळ काही धरेना. परसात जागा एकाच झाडापुरती. काकीनं बाळकोबाला बोलावलं, तसे शेजारीपाजारी कुंपणाशी जमले.

"बघ रे बाबा. चांगला निघणार असेल तर ठेवते. नाहीतर तोडून तुझं हापूसचं कलम लावते."

बाळकोबानं पान चोळलं, नाकाशी धरलं आणि तो गडबडला. असा वास त्यानं जन्मात घेतला नव्हता. जरा तुळशीचा, जरा ओल्या आल्याचा, आणि मागून काहीतरी निराळंच. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पडलो तरी नाक वर! तो म्हणाला, "साधा आंबट रायवळ आहे. दात आंबतील. तोडा."

काकीचा चेहरा उतरला.

बाळकोबा घरी जाऊन जेवायला बसला. हात धुतले होते, तरी घासागणिक तोच वास. कोय एका आंब्याची, पण झाड त्याच्यासारखं निघेलच असं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? प्रत्येक कोय आपलं वेगळं गुपित घेऊन येते. साऱ्या मुलखात असं झाड कदाचित हे एकच! तो भरल्या ताटावरून उठला आणि धावत सुटला.

काकीनं कुऱ्हाडीचा पहिला घाव घातला होता. दुसरा बसायच्या आत बाळकोबानं खोडाला मिठी मारली.

"काकी, थांबा! मी खोटं बोललो. हे झाड कुठलं, मला... मला ठाऊक नाही."

कुंपणापलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. काकीनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"एवढंच ना? मग कळेपर्यंत राहू दे." आणि तिनं घावावर शेणमाती लिंपली.

तिसऱ्या वर्षी झाड मोहरलं. पहिलं फळ काकीनं बाळकोबाच्या हातावर ठेवलं. एक फोड खाल्ली, दुसरी खाल्ली, मग त्यानं कोयही चोखून काढली. उभा जन्म आंब्यांत गेला होता, पण ही चव नवी होती. त्यानं झाडाला हात जोडले.

पुढे त्याच झाडाची कलमं त्यानं घरोघर लावली. पहिलं काकीच्या लेकीच्या परसात लागलं. कुणी विचारलं, "बाळकोबा, ही जात कुठली?" की तो भर रस्त्यात हसून, मोठ्यानं सांगे, "ठाऊक नाही!"

तात्पर्य: ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणण्यात जाणत्याची पत जात नाही; खोटा निवाडा दिला, तर मात्र न पाहिलेलं नवल हातचं जातं.