तडकलेल्या घटाची पहिली धार

केतकगडाच्या पायथ्याशी वडजाई नावाचे गाव आहे. तिथे उमानाथ महाराज गुरवाच्या ओसरीवर राहत. त्याच गावात तान्हाई कुंभारीण होती. माती तुडवताना तिच्या तोंडी महाराजांचे नाव, मडकी भाजायचा आवा पेटवतानाही तेच.

त्या साली गडावर अमृतराजांचा राज्याभिषेक ठरला. गडाची रीत अशी, की सोन्याच्या कलशातले सात नद्यांचे पाणी राजाच्या मस्तकावर पडण्याआधी वडजाईच्या मातीच्या घटातली धार पडायची. राजाही मातीचाच आहे, हे त्याला राज्य हाती घेण्याआधी कळावे म्हणून पूर्वजांनी घातलेली ही रीत. घट देण्याचा मान तान्हाईच्या घराचा. पण तिचा नवरा रखमाजी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला, आणि कुंभाराच्या बाईने चाकाला हात लावायचा नसतो. मग तिने नुसत्या लाकडी थापीने ठोकून ठोकून घट घडवला.

गडाचे धर्माधिकारी त्र्यंबकशास्त्री मोठे विद्वान. फक्त विद्या पचलेली नव्हती. ते हसून म्हणाले, "चाक न पाहिलेला घट? अगं, राजा घडतो तो माझ्या हाताने. चिखलाचे तिथे काय काम? आण तुझे मडके. खोट निघाली तर तुझ्या घराचा मान कायमचा बंद."

अभिषेकाच्या दिवशी तान्हाईने आवा उकरला आणि घट बाहेर काढला. घटाला काठापासून पोटापर्यंत तडा! दुसरा घडवायला वेळ कुठला? सात पिढ्यांचा मान आपल्या हातून बुडाला, या विचाराने ती रडतच महाराजांकडे धावली.

"महाराज, माज्या हातानं घात केला. ह्यात पानी कसं ऱ्हाईल?"

महाराजांनी तड्यावरून तळहात फिरवला. "विहिरीवर भरून घे आणि गड चढ. मी सांगेपर्यंत खाली ठेवू नकोस."

"गळंल की वो."

"गळेल ते माझ्याकडे गळेल. तू चाल."

तान्हाई निघाली. दर दहा पायऱ्यांनी ती लुगड्याचा काठ चाचपून बघे. कोरडा! छाती धपापत होती, पण पाय थांबेनात.

दरबाराच्या दाराशी शास्त्रीबुवांनी तडा पाहिला आणि त्यांना आयतेच कोलीत मिळाले. "फुटके भांडे राजाच्या डोक्यावर? बस त्या कोपऱ्यात." घट कडेवर धरून ती बिचारी तशीच उभी राहिली.

चौघडा झडू लागला. मुहूर्त मोजणारी वाटी घंगाळातल्या पाण्यात हळूहळू बुडत होती. शास्त्रींनी मंत्र म्हणत सोन्याचा कलश राजाच्या मस्तकावर कलता केला. थेंब नाही. आणखी कलता केला, पार उपडा केला. सकाळी स्वतः काठोकाठ भरलेला कलश, आणि त्यातून थेंब गळेना! वाटीचा काठ पाण्याला टेकायला आला. ती बुडाली की मुहूर्त गेला. शास्त्रींना दरदरून घाम फुटला.

"आधी वडजाईचा घट लागतो ना?" राजे म्हणाले. "तो कुठे आहे?"

लोकांनी तान्हाईला वाट करून दिली. तिने डोळे मिटले, महाराजांचे नाव घेतले आणि घट वाकवला. काय ती धार! राजाच्या मस्तकावरून खांद्यांवर, खांद्यांवरून सिंहासनावर पाणी उतरले आणि तेव्हा कुठे वाटी बुडाली. तोफा कडाडल्या. शास्त्रींनी कलश पुन्हा उचलला, तर आता त्यातूनही पाणी आले.

शास्त्री तिच्याजवळ आले. घट अजून अर्धा भरलेला, तड्यात बोट जाईल एवढी फट, आणि बाहेर ओलही नाही. "बाई, हे कुणी केले?"

"आमच्या म्हाराजांनी."

भर उन्हात अनवाणी शास्त्री गड उतरले. मागून तान्हाई. ओसरीवर महाराज तळहात हवेत दाबून बसले होते. बोटांच्या फटींतून पाणी झिरपत होते, कोपरावरून ओघळत होते, खाली थारोळे साचले होते. गुरव म्हणाला, "सकाळधरनं असंच बसल्यात. जेवायला बोलावलं, तर म्हनत्यात हात गुतलाय."

शास्त्रींनी हात जोडून विचारले, "महाराज, माझा कलश कोरडा का पडला?"

"त्यात आधीच तुम्ही बसला होता," महाराज म्हणाले. "पाण्याने राहावे कुठे?"

 मग ते हसून म्हणाले, "आता तो घट खाली ठेवा बुवा. माझा हात भरून आला."

तान्हाईच्या कडेवरचा घट त्र्यंबकशास्त्रींनी दोन्ही हातांनी उतरवून महाराजांपुढे ठेवला आणि मस्तक जमिनीला टेकले. महाराजांनी हात खाली घेतला. त्याबरोबर तड्यातून पाणी भळभळा वाहिले आणि शास्त्रींचे कपाळ भिजवून गेले. त्या दिवशी वडजाईत दुसरा अभिषेक झाला, असे गाव आजही हात जोडून सांगते.