विहिरीचा दोर आणि पाटलांचा शेवटचा नियम

फार पूर्वी, नळ नावाची वस्तू कुणी ऐकलीही नव्हती तेव्हा, एका उघड्या डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावात शेळ्या भरपूर, गप्पा त्याहून भरपूर, आणि पाणी मात्र एकाच विहिरीत. विहीर इतकी खोल होती की बारीक दोर कातळाच्या कडांना घासून तुटून जायचा. म्हणून गावकरी मनगटाएवढा जाड दोर वळत. तो भिजला की त्याचंच ओझं पोहऱ्यापेक्षा जास्त होई.

त्यामुळे पाणी काढणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. रोज सकाळी दहा-बारा माणसं काठावर जमत, लाकडी चाकापाशी एकमेकांना खेटून उभी राहत आणि जागेवरूनच दोर ओढत. पुढच्याच्या हातातून दोर मागच्याच्या हातात जाई, त्याच्या हातातून आणखी मागच्याच्या. ओढता ओढता गाणी व्हायची, थट्टा व्हायची, कुणाच्या सुनेनं काय केलं याचा निकालही तिथंच लागायचा. पाणी वर यायला वेळ लागे, पण तक्रार कुणाचीच नसे.

एका उन्हाळ्यात खालच्या खोऱ्यातून साथ आली. आपण आज तिच्यामागच्या जिवाला विषाणू म्हणू, त्याचं चित्रही काढून दाखवू. तेव्हा त्याला नाव नव्हतं. आधी खोकला, मग ताप, मग अंगातलं सगळं बळ जाई आणि माणूस अंथरुणाला खिळे.

वाटेनं जाणाऱ्या एका वैद्यानं गावाला तीन गोष्टी सांगितल्या. तोंडानाकाला फडकं बांधा. हात घासून धुवा. ज्याला खोकला आहे त्यानं घरात राहावं, आणि बाकीच्यांनी एकमेकांपासून चार हात लांब. जाता जाता तो म्हणाला, "आणि ताप आलाच, तर रोग्याला घोटघोट पाणी पाजत राहा. या तापात पाणी तोडू नका."

गावचे पाटील मनाचे हळवे आणि स्वभावाचे घाबरट होते. मागच्या एका साथीत त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर गेला होता. ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण यावेळी त्यांनी वैद्याचा शब्द न् शब्द पाळला आणि गावाकडून पाळून घेतला. त्याचा गुणही आला. खालच्या गावांत घराघरांत अंथरुणं पडली, आणि माथ्यावर दोघा-तिघांना ताप येऊन गेला, तेवढंच.

इथं थांबले असते तर पाटलांची मिरवणूक काढावी असं काम होतं ते. पण माणसाला एखादी गोष्ट लागू पडली की तो तिची चौपट करून बघतो. पाटलांना वाटलं, तीन नियमांनी एवढं साधलं, तर आणखी नियम केले म्हणजे साथ गावाकडे फिरकणारसुद्धा नाही.

मग रोज दवंडी पिटू लागली. शेळ्यांची शिंगं धुवावीत. घराच्या दाराला आतून-बाहेरून राख फासावी. मोठ्यानं हसू नये की ओरडू नये, तोंडातून वारा सुटतो. एका घरी लग्न निघालं, तर नवरा अंगणाच्या या टोकाला आणि नवरी त्या टोकाला. नवऱ्यानं माळ फेकली ती नेमकी भटजींच्या गळ्यात पडली. लोकांना हसू आवरेना आणि हसायची तर बंदी!

गावात एक पैलवान होता. छाती ही एवढी रुंद, आणि तोंड त्याहून मोठं. तो दंड थोपटून म्हणे, "हे फडकं-बिडकं बायकापोरांना बांधा. ह्या दंडाला शिवायची त्या तापाची छाती हाय का?" पाटलांच्या वेड्या नियमांना लोक हसत होतेच. पैलवानानं त्या हशात शहाणे नियमही उडवून लावले. एक दिवस तो फडकं न बांधता खालच्या बाजाराला गेला, चारचौघांत खेटून बसला, एका ताटात जेवला आणि मिशीला पीळ देत परत आला.

आल्यावर त्याला दोन दिवस खोकला झाला. त्याला काही वाटलं नाही. पण त्याच्या म्हाताऱ्या आईला, भागूआजीला, ताप भरला आणि ती आडवी झाली.

ही बातमी कळताच पाटलांची पाचावर धारण बसली. ते विचार करत विहिरीवर गेले आणि तिथं एकाएकी त्यांच्या लक्षात आलं, की या एका दोराला सगळ्या गावाचे हात लागतात! पुढच्याचा हात जिथं लागला तिथंच मागच्याचा लागतो. आता खरं सांगायचं तर पाटलांचं हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. चुकलं ते पुढचं. त्यांनी निरीक्षणावर उपाय शोधला नाही, सरळ दवंडी दिली, "आजपासून दोराला कुणीही हात लावायचा नाही. विहीर बंद!"

लोकांनी दोन-चार दिवस रांजणातल्या पाण्यावर काढले. मग घागरी खडखडू लागल्या. पाटलीणबाई रिकामा तांब्या घेऊन ओटीवर आल्या.

"अहो, हात धुवा म्हणता ना गावाला?"

"म्हणजे काय! तो तर वैद्याचा नियम."

"मग धुवायचे कशानं? तुमच्या नव्या नियमानं तुमचाच आधीचा नियम मोडला की हो."

तेवढ्यात अंगणाच्या पार टोकाला, बाभळीखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. पैलवान होता. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं, मिशी त्याच्या आत गेलेली, आणि डोळे लाल.

"पाटील, आईची जीभ कोरडी पडलीया," तो तिथूनच म्हणाला. "शेजाऱ्यांनी हुतं नव्हतं ते समदं दिलं. आता कुणाकडंच थेंब न्हाई. मला काय सजा द्यायची ती द्या, पर तिला पाणी द्या. मी एकटा वढतो, तुम्ही समदे लांब ऱ्हावा."

"एकट्याला तो दोर हलणार नाही, आणि तुझे हात तर आत्ता दोराला लागायचेच नाहीत. तुझ्या घरात ताप आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. पैलवानानं मान खाली घातली. सगळ्या गावात दांडगा असलेला तो माणूस, आणि आईसाठी घोटभर पाणी काढायला त्याचं बळ कामाला येत नव्हतं.

पाटील कळवळून म्हणाले, "अगं, मला का तिची कीव येत नाही? पण दहा-बारा माणसं काठावर खेटून उभी राहिली, एकाच दोराला सगळ्यांचे हात लागले, तर उद्या भागूआजीसारखी दहा अंथरुणं पडतील. मी भाऊ घालवलाय. गाव घालवायचं नाही मला."

पाटलीणबाई आपल्या नवऱ्यावर चिडल्या नाहीत. त्याचं दुःख त्यांना माहीत होतं. त्या ओटीवर बसल्या आणि विहिरीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण खेटून उभं राहायला सांगितलंय कुणी?"

"पूर्वीपासून तसंच उभं राहतात."

"गप्पा मारता याव्यात म्हणून राहतात! दोराला त्याची काय गरज? आणि जागेवर उभं राहून ओढतो म्हणून पुढच्याच्या हातातला दोर मागच्याच्या हातात जातो. ज्यानं त्यानं आपली एकच जागा धरली आणि दोर घेऊन चालायला लागलं तर? देवळाच्या ओवरीत मागच्या वर्षीचा जुना दोर पडलाय. तो याच्या शेपटाला जोडा. विहिरीपासून वेशीपर्यंत गल्ली सरळ आहे. चार-चार हातांवर एकेक चिंधी बांधा. ज्याची चिंधी त्याचा हात, दुसऱ्याचा नाही. पोहरा भरला की सगळ्यांनी वेशीकडे चालायचं. पाणी येईल वर!"

पाटलांनी नजरेनं गल्ली मोजली. अडचण काढायला त्यांना काही सापडेना. तरी भीती मनातून जाईना. "मी विचार करतो," एवढंच ते म्हणाले.

"करा," म्हणत पाटलीणबाईंनी पदर खोचला. "भागूआजीला तेवढा वेळ नाही."

त्या गल्लीतून हाका मारत गेल्या. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. गुराखी आला, न्हावी आला, लग्नातले ते नवरानवरी आले, माळ गळ्यात पडलेले भटजीसुद्धा आले. सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली आणि चुलीतल्या राखेनं हात घासले. ओवरीतला दोर जोडला, चिंध्या बांधल्या, आणि ज्यानं त्यानं आपापली चिंधी धरली. गल्लीभर माणसं अशी लांब लांब पसरली की शेवटचा माणूस देवळापाशी होता. त्याच्याही मागं एक चिंधी मोकळी राहिली.

पोहरा खाली गेला. खोल कुठंतरी पाण्याचा आवाज झाला. पाटलीणबाईंनी हात वर केला आणि सगळे चालू लागले.

दोर ताणला. चाक कुरकुरलं. एक पाऊल, आणखी एक पाऊल. फडक्याआडून कुणीतरी पाण्याचं गाणं गुणगुणायला लागलं आणि तो घुमणारा आवाज गल्लीभर पसरला. पण नेहमीच्या मानानं माणसं कमी होती. पोहरा निम्म्यावर आला आणि अडला. पायांखालची माती सरकू लागली. न्हाव्याचा तोल गेला, नवरी गुडघ्यावर आली, आणि दोर उलटा, विहिरीकडे जायला लागला.

पैलवान आपल्या घराच्या उंबऱ्यावरून हे बघत होता. त्याचे हात शिवशिवत होते. एका उडीत तो दोरापाशी पोचला असता. पण तो उंबरा सोडून हलला नाही. आयुष्यात त्यानं केलेली सगळ्यात जड कसरत हीच असेल.

पाटीलही ओटीवरून बघत होते. त्यांना दिसत होती ती रिकामी चिंधी. एवढे दिवस ते विचारत होते, की काय बंद करू म्हणजे कुणी मरणार नाही? आता समोर दिसत होतं, की आपण नुसते बघत राहिलो तर एक म्हातारी नक्की मरणार आहे. त्यांनी चुलीतली राख मुठीत घेतली, पळता पळता हात खसाखसा चोळले, फडकं नाकावर ओढलं आणि रांगेच्या टोकाला जाऊन ती शेवटची चिंधी दोन्ही हातांनी धरली.

"चला रे!" ते गरजले. मोठ्यानं ओरडायची बंदी त्यांनीच घातली होती, हे त्या क्षणी कुणालाच आठवलं नाही.

दोर थांबला. मग पुढं आला. पाटलांना खेचताना बघून बंद दारं धडाधड उघडली. लोक फडकी बांधत बाहेर आले आणि पाटलांच्या मागं, चार-चार हात सोडून, दोराच्या शेपटाला लागले. आता सगळं गाव वेशीकडे चालत होतं. सगळे एकमेकांपासून लांब होते आणि एकाच दोराला धरून होते. चाक गरगर फिरलं, आणि काठोकाठ भरलेला पोहरा उन्हात चमकत वर आला. तेव्हा गावानं जी आरोळी ठोकली, ती खालच्या खोऱ्यात ऐकू गेली असेल.

पहिली घागर पाटील स्वतः घेऊन गेले. पैलवानाच्या उंबऱ्याबाहेर ती ठेवली आणि चार पावलं मागं झाले. पैलवान घागर उचलायला वाकला, तसा त्याला हुंदका आला. "पाटील, ह्यो ताप मीच आणला," तो म्हणाला.

"आणि पाणी मी अडवलं," पाटील म्हणाले. "जा, आधी तिला पाज."

त्या दिवसापासून रोज दोर गल्लीतून चालू लागला. भागूआजीच्या ओठांना घोटघोट पाणी लागत राहिलं. पैलवान तोंडाला फडकं बांधून तिच्या उशाशी बसून होता, आणि कुणी गंमत करायला गेलं तर तोच दरडावून सांगे, "लांब ऱ्हा, आन् आधी हात धू!" पाटलांनी चावडीवर बसून आपले नियम एकेक करून तपासले. शिंगं धुणं, दारं फासणं, हसायची बंदी, सगळं रद्द. फडकं, हात धुणं आणि अंतर मात्र साथ सरेपर्यंत जसंच्या तसं राहिलं, आणि त्यात कुणी कुचराई केली तर पाटलीणबाईच त्याची खरडपट्टी काढत.

पुढं भागूआजीचा ताप उतरला. खोकला गेला. तरी आणखी आठ-दहा दिवस ती घरातच राहिली. आणि एका सकाळी, गाव दोर धरून उभं असताना, पैलवानाच्या घराचं दार उघडलं. काठी टेकत, तोंडाला स्वच्छ फडकं बांधून भागूआजी बाहेर आली. तिच्यामागं चार हात सोडून पैलवान. म्हातारी सावकाश चालत आली, मोकळी चिंधी शोधली, काठी भिंतीला टेकवली आणि आपले काटकुळे हात दोरावर ठेवले.

पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकीचेही नुसते बघतच राहिले.

"माझ्याकडं काय बघताय?" भागूआजी फडक्याआडून कडाडली. "वढा की!"

आणि गावानं ओढलं.

तात्पर्य: सावधगिरी जरूर बाळगावी, पण ती किती कडक आहे यावर तिची किंमत करू नये. जिच्यामुळे सगळे जपले जातात आणि शेजाऱ्याच्या घरी पाणीही पोचतं, तीच खरी सावधगिरी.