मिसरूड फुटलेला खेळाडू

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नक्की किती ते विचारू नका. ते ठाऊक असतं तर गोष्ट कशाला सांगितली असती, पंचांगच नसतं लिहिलं? तर पोरांनो, आणि पोरांच्या आडून कान टवकारून बसलेल्या आजोबांनो, एक राज्य होतं. त्या राज्याला एकच वेड होतं, पायचेंडूचं. चामड्याचा चेंडू लाथेनं बडवायचा आणि दोन बांबूंच्या मधून पलीकडे घालायचा. बस्स. एवढ्यापायी गडी जेवण विसरत, बाया चुलीवरचं दूध विसरत आणि भटजी मंत्र विसरत. भटजी एरवीही विसरत, ते सोडा.

प्रत्येक गावाचा आपला संघ असे. राजाचे मात्र दोन संघ होते. एक मोठ्यांचा, मिशाळ संघ. दुसरा कोवळा संघ, ज्यांना अजून मिसरूड फुटलं नाही अशा पोरांचा. दर वर्षी सुगी आटोपली की हा कोवळा संघ नदीपलीकडच्या राज्यातल्या कोवळ्यांशी खेळायचा.

आता कोवळा कोण आणि जून कोण, हे ठरवायचं कसं? जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे. ज्याची त्याची आई सांगायची, "मोठ्या पुरात झाला." आणि मोठा पूर तर दर वर्षी यायचा! म्हणून दर वर्षी परीक्षा होई. राजाचा नाभिक कापसाचा पेळू घेई आणि पोराच्या वरच्या ओठावरून अलगद फिरवी. कापूस घसरला तर पोर कोवळं. अडकला तर सदरा उतरवायचा आणि घरची वाट धरायची.

डोंगराकडच्या एका गावात गुणा नावाचा पोर होता. आई मडकी घडवायची, हा चेंडू बडवायचा. उजव्या कडेनं तो असा सुटायचा, की अडवणारा गडी वळून बघेपर्यंत चेंडू बांबूंपलीकडे गेलेला असायचा. राजाच्या माणसानं त्याला हेरलं. कापूस घसरला. गुणाला राजाचा हिरवा सदरा मिळाला, आणि गावानं त्याला वेशीपर्यंत वाजतगाजत पोचवलं.

तीन वर्षं गुणा राजासाठी खेळला. नदीपलीकडच्यांना त्यानं इतकं पळवलं, की त्यांची पोरं झोपेतसुद्धा त्याच्या नावानं दचकत. पण सदऱ्याबरोबर थोडी हवाही अंगात भरते, नाही का? हसू नका, तुमच्यातल्या कितीजणांना नवी टोपी मिळाली की मान वळत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

गावच्या संघाचा गोलरक्षक होता तात्या. पन्नाशीचा, वाकला की गुडघे कडाकडा वाजायचे. राजाचा खेळ आटोपून गुणा गावी परतला, तेव्हा तो त्याच्याकडे आला आणि म्हणाला, "गुणा, परवा खालच्या वाडीशी गाठ आहे. येतोस ना?"

"तात्या, हे पाय आता राजाचे आहेत. गावच्या ढेकळांत मोडले तर?"

"असं होय? मग राजाच्या पायांना सांग, जाताना आमच्या ढेकळांवर जरा जपून चाला."

तात्या हसला आणि निघून गेला. त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही.

चौथं वर्ष उजाडलं. एके दिवशी गुणा रांजणात वाकून पाणी पीत होता. पाण्यात त्याला आपलं तोंड दिसलं, आणि ओठावर एक अंधूक सावली. त्यानं पुसली. सावली गेली नाही.

 सदरा गेला तर आपण कोण? सदऱ्याशिवाय आपल्याला ओळखेल तरी कोण? परीक्षा तोंडावर आली होती आणि राजधानी दोन दिवसांच्या वाटेवर. गुणानं निघण्याआधी शेजाऱ्याचा वस्तरा मागून आणला, गोठ्यामागे बसला आणि ओठ अगदी गुळगुळीत करून टाकला. मग दोन दिवस चालला. वाटेत ओठावरून हात फिरवायचा काही त्याला धीर झाला नाही.

परीक्षेला पोरं रांगेत उभी राहिली. नाभिकानं गुणाच्या ओठावरून पेळू फिरवला. बाभळीला लोकर अडकावी तसा कापूस अडकला. पांढऱ्या मिशा लावलेला गुणा बघून सगळी रांग खो खो हसली. नाभिक मात्र हसला नाही. त्यानं एकेक तंतू हलकेच काढला आणि हळू आवाजात विचारलं, "वस्तरा लावलास?"

गुणानं मान खाली घातली.

"वेड्या, पहिल्या वर्षाच्या लवेवरून कापूस घसरतो रे. तू हात लावला नसतास तर हे वर्ष तुझंच होतं. वस्तऱ्यानं खुंट उभे राहिले, त्यात कापूस अडकला."

गुणा रडवेला झाला. "मग मला मोठ्या संघात तरी घ्या!"

परीक्षेवर देखरेख करणारा राजाचा सरदार म्हणाला, "तिथं अठरा जण नुसते बसून आहेत, पोरा. त्यातले दोघं तर बसल्या बसल्या आजोबा झाले."

सदरा उतरला. गुणा परत निघाला. दिवसाउजेडी गावात शिरायची लाज वाटत होती, पण वेशीपाशी आरडाओरडा ऐकू आला आणि पाय आपोआप माळाकडे वळले. खालच्या वाडीशी खेळ रंगला होता. गुणा चिंचेआड उभा राहिला. सवयीनं त्यानं आपल्या गावचे गडी मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच. उजवी कड रिकामी होती, आणि गाव तीन गोलांनी मागे होतं.

तात्यानं त्याला पाहिलं. "अरे, झाडाला टेकू देतोयस काय? ये की!"

"अकरावा कुठाय, तात्या? लागलंय का कुणाला?"

"कुणाला लागेल? तू गेल्यापासून आम्ही दहाच खेळतोय."

"तीन वर्षं? आणि हरलात?"

"हरलो की! अगदी मनापासून हरलो. पण तुझी जागा दुसऱ्याला दिली असती, तर तू आल्यावर उभा कुठं राहिला असतास?"

गुणा चिंचेआडून बाहेर आला. "तात्या, मी आलो नाही. मला काढून टाकलंय."

"बरं. पाय काढून नाही ना घेतले? मग पळ, तो बघ चेंडू चालला!"

गुणा धावला. ढेकळांत दोनदा पडला, गुडघा फुटला, पण दोन गोल घातले. तरी गाव एका गोलानं हरलंच. पण खेळ संपल्यावर गुणानं बांबू उपटले, खांद्यावर घेतले आणि तात्याच्या मागून गावात चालत गेला. पुढं बावीस वर्षं तो त्याच उजव्या कडेला खेळला. राजाच्या माणसांनी नंतर कधी त्याचं नाव काढलं नाही, आणि त्यालाही कधी त्यांची आठवण झाली नाही.

तात्पर्य: मान देणारे तुमचं वय पाहून देतात, पण जागा राखणारे तुम्हाला पाहून राखतात, मान मिळाला म्हणून त्यांना विसरू नये.