महालातले बिनबोलावलेले पाहुणे

राजा वीरधवलाच्या नव्याकोऱ्या महालात वानरांची टोळी शिरली, आणि काही केल्या बाहेर निघेना! एकीने राणीसाहेबांचा शेला पळवला, दोघांनी मुदपाकखान्यातली केळी फस्त केली. म्हातारा हुप्प्या तर दरबाराच्या तुळईवर असा ऐटीत बसला, की त्याची शेपटी नेमकी राजाच्या नाकासमोर लोंबावी! वानरांना मारावं तर मारुतीरायाचा कोप, आणि हाकलावं तर ती दात विचकून अंगावर येत.

हा महाल आंबेमाळच्या रानातले जुने साग तोडून बांधला होता. उरलेल्या रानातही कुऱ्हाडी चालूच होत्या, कारण प्रधान विसाजीपंतांना आता हत्तीखाना बांधायचा होता. "रान राखा" म्हणत रानातल्या पाड्यावरची माणसं दरबारात आली, तेव्हा पंतांनी त्यांना दारातूनच परत धाडलं होतं.

"महाराज," पंत म्हणाले, "त्या पाडेकऱ्यांना जनावरांचा फार कळवळा! त्यांनाच लावा कामाला."

राजाने हुकूम सोडला, "वानरांना न मारता, न डिवचता, नुसतं बोलून उद्यापर्यंत घरी पाठवा. नाहीतर पाडा रानातून उठवीन!"

पाड्यावर रडारड झाली. वानरांशी बोलायचं कोणी? मध काढणाऱ्याची लेक बुधी पदर खोचून उठली. "मी जाते. बोलायचंच तर आहे!"

दुसऱ्या दिवशी बुधी भरल्या दरबारात आली. सरसर खांबावर चढून ती तुळईवर हुप्प्याशेजारी बसली. त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. हुप्प्याने मान खाजवली, दात विचकले, "हुप्!" केलं. बुधीने गंभीरपणे मान डोलावली आणि खाली उतरली.

"काय म्हणाला?" राजा पुढे झुकला.

"म्हाराज, मी त्याला म्हटलं, बाबा, आता घरी जा. तर तो माझ्यावरच चिडला! म्हणतो, 'मी घरीच तर बसलोय!'"

"घरी? हा महाल माझा आहे!"

"मी पण तेच बोलले. तर म्हणाला, 'पोरी, ह्या तुळईवर माझा आजा झोपायचा. तेव्हा तिला पानं होती. त्या खांबावर माझी आई मला घेऊन उड्या मारायची. आमचं घर उचलून राजानं इथं आणलं, तर आम्ही मागोमाग आलो. त्यात आमचं काय चुकलं?'"

दरबारात खसखस पिकली. राजाने वर पाहिलं. वरून हुप्प्यानेही खाली पाहिलं.

"उगाच बाता!" पंत खेकसले. "रान काय, पुन्हा उगवेल!"

"उगवेल की, पंत!" बुधीने हात जोडले. "तुमच्या तोंडात साखर पडो! साग वाढेपर्यंत ही टोळी तुमच्याकडे राहू द्या. तुमचा वाडा मोठा आहे, आणि वैनीसाहेबांचे पापड गच्चीवर वाळत असतात, असं ऐकलंय!"

"नको, नको!" पंत ताडकन उठले. "पापड राहू द्या, ही वानरं मला घरात घ्यायची नाहीत!"

राजा इतका हसला, की मुकुट हातात धरावा लागला. "पण बुधी, ही जातील कधी?"

"रानात कुऱ्हाडी वाजतात म्हणून ती भ्यालीत, म्हाराज. आवाज थांबला, की उरलेल्या झाडांवर आपणहून जातील."

"आजच थांबेल! उरलेल्या रानाला कोणी हात लावायचा नाही. तोडलेल्या माळावर पुन्हा साग लावायचे, आणि पहिला खड्डा पंत खणतील! बुधी, आजपासून आंबेमाळच्या रानाची राखण तुझ्याकडे."

असं म्हणून राजाने गळ्यातला कंठा काढून बुधीच्या हातात ठेवला.