साळिंदराच्या तोंडाला कुंपण नव्हतं

मुलांनो, आणि मोठ्यांनोसुद्धा, ऐका. फार जुन्या काळी, रानातल्या वाटांना अजून नावंही नव्हती तेव्हा, एका टेकडीत साळिंदर राहायचा. सारं रान उन्हाळ्याची बेगमी त्याच्या बिळात ठेवायचं. त्याचे काटे बघून चोर लांबूनच वळत.

ठेव ठेवायची एक रीत होती. साळिंदराच्या कानात आपली खूण सांगायची. घर कुठलं, घरात कोण, बाहेर कधी पडता. म्हणजे उद्या भलत्यानेच येऊन ठेव मागितली, तर तो पकडला जाई.

एकदा एक लेकुरवाळी खार चारोळ्या घेऊन आली.

"साळिंदरदादा, हे सगळं सांगायलाच हवं का हो?"

"नाही सांगितलंस, तर चारोळ्या तुझ्याच कशावरून?"

मग तिने सांगितलं. मोहाच्या झाडाची ढोली. पिल्लांचे अजून डोळेही उघडले नाहीत. ऊन कललं की मी ओढ्यावर जाते.

काही दिवसांनी कावळा आला. "दादा, पिल्लांखाली अंथरायला सावरीचा कापूस विकतोय. लेकुरवाळ्या कुठं राहतात, तेवढं सांगा. त्यांचंच भलं होईल. तुम्हाला गोड कंद आणतो."

'मी दाणा थोडाच देतोय? नुसतं बोलायचं तर आहे,' असा विचार करून साळिंदराने सगळं सांगून टाकलं.

कावळ्याच्या पोटात काय राहतंय! तो झाडोझाडी बोलत सुटला. एक अनोळखी तितर खारीला म्हणाला, "ऊन कललं की पिल्लं एकटीच असतात ना गं?"

खारीच्या लगेच लक्षात आलं. हे तर मी एकाच कानात बोलले होते!

तिने ओढ्यावर जाणं सोडलं. पान हललं तरी दचकायची. पाण्यावाचून तिचं दूध आटत चाललं. आणि एक दिवस, ऊन कलताना, धामण सरसरत वर आली.

"अगं बाई, तू घरात? या वेळी तर तू ओढ्यावर असतेस ना?"

खार जिवाच्या आकांताने ओरडली. सातभाई पक्ष्यांचा थवा धावून आला आणि त्यांनी टोचून टोचून धामणीला खाली पाडलं. खारीने एकेक पिल्लू तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेलं. मग ती साळिंदराकडे गेली.

"माझी ठेव द्या."

"ही घे. एक दाणा कमी नाही!"

"दाण्यांचं कोण बोलतंय? कानात ठेवलं होतं ते द्या परत."



हे ऐकून रानातल्या सगळ्यांनी आपापली बेगमी उचलली. म्हाताऱ्या हत्तिणीने रानाला नियम घातला, "खूण विचारायची ती ठेव ओळखण्यापुरतीच. दुसऱ्याला सांगायची तर आधी धन्याला विचारायचं. तो नाही म्हणाला, की नाही."

"बरोबर आहे," साळिंदर मान खाली घालून म्हणाला. मग सवयीने त्याने विचारलं, "खारूताई, आता कुठल्या झाडावर राहतेस?"

खारीने शेपटी उडवली आणि ती पानांत दिसेनाशी झाली. साळिंदराचं बीळ त्या उन्हाळ्यात रिकामंच राहिलं.

तात्पर्य: विश्वासाने सांगितलेली गोष्ट हीसुद्धा ठेवच असते, धन्याला विचारल्याशिवाय ती कुणाच्या हाती देऊ नये.