वाहत्या अंगाने

फार जुनी गोष्ट आहे. धनगराचा एक कळप दरसाल घाट उतरताना मोठा ओढा ओलांडायचा. नवख्या कोकरांना पार न्यायचं काम भुरी मेंढीचं. आता ती थकली होती, म्हणून धनगराने तिच्या गळ्यातली घंटा तरण्या चांदीला बांधली. तिला शिकवायचं मात्र भुरीनेच.

चांदी उड्या मारत पलीकडे गेली आणि म्हणाली, "या रे, काही अवघड नाही."

एक कोकरू पाण्यात शिरलं आणि मधेच घसरून वाहू लागलं. भुरीने त्याला अंगाने अडवून कसंबसं अलीकडच्या काठाला आणलं.

"एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं, मावशी?" चांदी म्हणाली.

"तुला एवढंसं गं. त्याच्या नाकाशी येतं," भुरी धापा टाकत म्हणाली. "पलीकडून हाका मारू नकोस. पाणी जिकडे वाहतं, त्या अंगाने त्याच्या शेजारी चाल. घसरलं तर तुला टेकेल."

चांदी परत आली. एकेक कोकरू तिने तसंच पार नेलं. शेवटी तिला मानसुद्धा उचलवेना.

अलीकडच्या काठावर भुरी एकटी उरली होती. पाण्याकडे बघत होती, पण पाय उचलत नव्हता. चांदी पुन्हा ओढ्यात उतरली आणि तिच्या वाहत्या अंगाला येऊन उभी राहिली.