भिंतीवरचे सोपानराव

औंधातल्या सेंद्रिय बर्गरच्या हॉटेलात सोपानरावांचा भलामोठा हसरा फोटो होता. मालक शार्दूल तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवायचा. त्या दिवशी लेकीबरोबर आलेल्या हौसाबाई बर्गरला हात न लावता फोटोकडेच बघत बसल्या होत्या.

"आजी, हे आमचे शेतकरी," शार्दूल म्हणाला. "तुमच्या बर्गरमधला टोमॅटो आज पहाटे यांनीच खुडलाय. रोज सकाळी फोनवर बोलतो मी यांच्याशी."

"रोज?"

"न चुकता."

हौसाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"मग उद्या एवढं विचारा. मी यांची बायको. गेल्या वर्षी यांच्या दहाव्याला आम्ही दुपारपर्यंत हात जोडून उभे होतो, पण पिंडाला कावळा शिवला नाही. जीव कशात अडकलाय, ते तुम्हाला तरी सांगतील."